कारखान्याचा मेंदू राहतो कुठे?

दळणाचा डबा घेऊन गिरणीत रांगेत उभं राहिलायत कधी? गरम पिठाचा वास, पट्ट्याची फडफड, आणि काकांच्या भुवयांवर, कानांवर, सगळीकडे बसलेलं पांढरं पीठ! पुढच्या वेळी गेलात की जरा भिंतीकडे बघा. तिथे एक लोखंडी पेटी असते. तिच्यावर दोन बटणं, एक हिरवं आणि एक लाल. काका हिरवं बटण दाबतात, पेटीतून ‘खट्’ असा आवाज येतो आणि गिरणी सुरू होते.

आता दोन गमती टिपा. पहिली गंमत: काकांनी बोट काढलं, बटण पुन्हा वर आलं, तरी गिरणी चालूच! दाराची बेल कशी, बोट काढलं की गप्प होते. मग गिरणी का होत नाही? दुसरी गंमत: दळता दळता लाइट गेली आणि गिरणी थांबली. दहा मिनिटांनी लाइट आली. दिवा लागला, पंखा फिरायला लागला, पण गिरणी ढिम्म हलत नाही. काकांनी पुन्हा हिरवं बटण दाबलं, तेव्हा कुठे ‘खट्’!

या पेटीला म्हणतात स्टार्टर. तिच्या पोटात तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, कॉइल. हिरवं बटण दाबलं की कॉइलमधून वीज वाहते, कॉइलचं चुंबक होतं आणि ते समोरची पट्टी खट्कन ओढून घेतं. पट्टी चिकटली की मोटरीकडे जाणारी विजेची वाट जुळते. पण त्याच पट्टीवर आणखी एक छोटासा जोड असतो आणि खरी हुशारी तिथे आहे. तो जोड हिरव्या बटणाच्या बगलेतून कॉइललाच वीज पुरवत राहतो. म्हणजे बघा, पट्टी चिकटली म्हणून कॉइलला वीज मिळते आणि वीज मिळते म्हणून पट्टी चिकटून राहते! बोट काढा खुशाल. लाल बटण दाबलं की ही साखळी तुटते. लाइट गेली तरी तुटते. चुंबक सुटतं, स्प्रिंग पट्टीला मागे ढकलते, आणि मग लाइट परत आली तरी वाट तुटलेलीच राहते.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा, लाइट गेलीय म्हणून काका घसरलेला पट्टा चढवायला वाकले. हात पट्ट्यावर आहे आणि तेवढ्यात लाइट आली. गिरणी आपोआप सुरू झाली असती तर? अंगावर काटा आला ना? ज्यांनी हा स्टार्टर घडवला, त्यांनी आधी स्वतःला एक प्रश्न विचारला होता: बिघडलं तर काय?

आजची गोष्ट या प्रश्नाचीच आहे. मोठमोठे कारखाने आपलं आपण कसे चालतात, आणि त्यांना चालवणारा मेंदू जागा बदलत बदलत कुठून कुठे पोचला, त्याची गोष्ट.

डोळा, मेंदू आणि हात

घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावून बघा. पाण्यावर एक चेंडू तरंगत असतो. चेंडूला एक दांडी आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची तोटी. प्लंबरकाका याला बॉलकॉक म्हणतात. टाकी भरलेली असताना चेंडू हलकेच खाली दाबायला सांगा. पाण्याची धार सुरू! सोडला की चेंडू वर येतो आणि धार बारीक होत होत बंद.

टाकी भरली का, हे बघणारा डोळा कोण? चेंडू. ‘आता पुरे’ हे ठरवणारा मेंदू? दांडी. तोटी बंद करणारा हात? तीही दांडीच! डोळा, मेंदू, हात, तिघं एकाच ठिकाणी नांदतायत.

कारखाना म्हणजे अशा शेकडो टाक्या, भट्ट्या, मोटरी आणि नळ. प्रत्येकाला डोळा हवा, हात हवा आणि मेंदू हवा. डोळा आणि हात यंत्रापाशीच असावे लागतात, त्याला इलाज नाही. मेंदू मात्र कुठेही ठेवता येतो. यंत्रावर, शेजारच्या खोलीत, नाहीतर पार दुसऱ्या गावात! मग ठेवायचा कुठे? या कोड्यापाशी माणसं जवळजवळ अडीचशे वर्षं डोकं लावून बसली आहेत.

लंडनची गिरणी

गोष्ट सुरू होते तीही एका पिठाच्या गिरणीत. लंडनला थेम्स नदीच्या काठी अल्बियन मिल्स नावाची वाफेच्या इंजिनावर चालणारी भलीमोठी गिरणी होती. तिथे दगडांवर एक मजेदार साधन बसवलेलं होतं. दगडांचा वेग बदलला की वरच्या आणि खालच्या दगडांमधलं अंतर ते आपोआप जुळवून घ्यायचं, म्हणजे पीठ एकसारखं पडेल. १७८८ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांनी ते पाहिलं आणि आपले भागीदार जेम्स वॉट यांना पत्रातून कळवलं. वॉट यांनी तीच कल्पना उचलून वाफेच्या इंजिनाला लावली.

डोळ्यांसमोर आणा. एक उभी दांडी गरगर फिरतेय. तिला दोन बाजूंना दोन हात आणि हातांच्या टोकाला लोखंडाचे दोन गोळे. फुगडी घालताना वेग वाढला की वेणी कशी आडवी उडते, तसे इंजिनाचा वेग वाढला की हे गोळे बाहेर आणि वर उचलले जातात. ते वर गेले की एक दांडा सरकतो आणि वाफेची झडप थोडी मिटतो. वाफ कमी, वेग कमी. गोळे खाली आले की झडप पुन्हा उघडते. माणसाने हात न लावता इंजिन एकाच चालीने पळत राहतं! याचं नाव गव्हर्नर.

मेंदू इथेही यंत्राच्या डोक्यावरच बसलेला होता. प्रत्येक इंजिनाला आपापला मेंदू. पण कारखाना वाढला तशी पंचाईत झाली. शंभर यंत्रं, शंभर मेंदू, आणि सगळं ठीक चाललंय ना हे बघायला माणसाने शंभर ठिकाणी धावायचं? मग ठरलं, मेंदू एका खोलीत आणून एका भिंतीवर ओळीने मांडू. पण डोळा राहिला तिकडे लांब भट्टीपाशी. त्याचा निरोप खोलीपर्यंत यायचा कसा?

‘हजर’ म्हणणारी तार

तेलशुद्धीकरणासारख्या कारखान्यांत जळणाऱ्या वाफा असतात. एक ठिणगी पडली की संपलंच. म्हणून लोकांनी निरोप पाठवले चक्क हवेतून! बारीक नळ्यांत हवा भरायची आणि तिचा दाब कमीजास्त करून तापमान, पातळी, प्रवाह सांगायचा. तेही सायकलच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी कमी दाबाने.

दाबाचं माप ठरलं दर चौरस इंचाला ३ ते १५ पौंड. टाकी रिकामी असेल तर ३, काठोकाठ भरली तर १५. आता थांबा जरा. रिकाम्या टाकीसाठी ० का नाही? ३ का?

वर्गातली हजेरी आठवा. बाईंनी नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही तर बाई काय समजतात? मूल आलेलंच नाही. टाकीच्या डोळ्याचंही तेच. रिकाम्या टाकीला ० ठेवलं असतं तर नळी फुटल्यावरही ०च आला असता. मग टाकी रिकामी आहे की नळी फुटलीय, हे खोलीतल्या माणसाला कळणार कसं? म्हणून रिकाम्या टाकीनेही ‘हजर! पण माझ्यात पाणी नाही’ असं सांगायचं. त्या ‘हजर’साठी ३.

पुढे बऱ्याच ठिकाणी नळ्यांच्या जागी विजेच्या तारा आल्या. माप झालं ४ ते २० मिलिअँपिअर. इथेही सुरुवात ४ पासून! ४ म्हणजे रिकामी, २० म्हणजे भरलेली, आणि ० म्हणजे तार तुटली, धावा! एक गणित करा बरं: तारेतून १२ मिलिअँपिअर वीज येतेय, तर टाकी किती भरली असेल? ‘निम्मी’ म्हणालात तर शाबास. आणि ८ आली तर? ते तुम्हीच सांगा. हे माप आजही जगभरच्या कारखान्यांत चालू आहे.

हातांनाही ‘बिघडलं तर काय?’ हाच प्रश्न विचारला गेला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या झडपेत एक जाडजूड स्प्रिंग बसवतात. हवा अचानक गेली तर ती स्प्रिंग ठरवते, झडप उघडायची की मिटायची. भट्टीला इंधन पुरवणारी झडप? ती मिटली पाहिजे, नाहीतर आग भडकेल. थंड पाणी सोडणारी झडप? ती उघडी राहिली पाहिजे, नाहीतर यंत्र तापेल. मेंदूशी नातं तुटलं तरी हाताला आपलं काम ठाऊक असतं!

एकच मोठा मेंदू

मग आले संगणक. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर इथल्या टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आरडब्ल्यू-३०० नावाचा संगणक कामाला लागला. त्याच्या ताब्यात २६ प्रवाह आणि ७२ तापमानं होती. पण हा संगणक मुख्याध्यापकांसारखा होता. तो फक्त किती हवं ते सांगायचा, प्रत्यक्ष झडपा हलवण्याचं काम जुनी साधनंच करायची.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आणखी मोठं धाडस झालं. आयसीआय कंपनीच्या फ्लीटवूड इथल्या सोड्याच्या कारखान्यात भिंतीवरची साधनं काढून टाकली आणि फेरान्टी कंपनीचा आर्गस संगणक बसवला. २२४ गोष्टी मोजायच्या आणि १२९ झडपा स्वतः हलवायच्या, सगळं हा एकटा करणार! शंभर छोट्या मेंदूंच्या जागी एकच मोठा.

आता विचारा बरं आपला प्रश्न. बिघडलं तर काय?

भिंतीवरचं एक साधन बिघडलं तर एकच झडप अडायची, बाकीचा कारखाना चालू राहायचा. पण एकुलता एक मेंदू बसला तर सगळेच हात थांबणार. शाळेत घंटा वाजवायला, पाणी भरायला, शिकवायला आणि फाटक उघडायला एकच माणूस असावा आणि नेमका तोच तापाने झोपावा, तसं! त्या काळचे संगणक बिघडायचेही फार. म्हणून पुष्कळ कारखाने संगणकाशेजारी जुनी साधनंही तयार ठेवायचे. खर्च दुप्पट आणि धाकधूक कायम.

शिडीवर चढलेला वायरमन

तेवढ्यात मोटारींच्या कारखान्यांत वेगळंच दुखणं उपटलं होतं. तिथे गिरणीतल्या स्टार्टरसारखे ‘खट्’ करणारे हजारो रिले कपाटांत मांडलेले असायचे. कुठलं यंत्र कधी चालायचं, कधी थांबायचं, हे ते रिले एकमेकांना जोडून ठरवलेलं असायचं. मोटारीचं नवं मॉडेल आलं की सगळ्या जोडण्या उचकटायच्या आणि पुन्हा करायच्या. तारांचं रान नुसतं!

१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिक विभागाने मागणी केली: तारा न उचकटता ज्याचं काम बदलता येईल असं काहीतरी द्या, आणि ते कारखान्यात टिकलं पाहिजे. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात बेडफर्ड असोसिएट्स नावाची छोटी कंपनी होती. तिथल्या डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी एक दणकट पेटी बनवली. कंपनीचं ते चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून तिचं नाव पडलं मॉडिकॉन ०८४. याच घराण्याला आज सगळे पीएलसी म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर.

मला या पेटीतलं सगळ्यात काय आवडतं सांगू? तिची भाषा. रिलेच्या तारा जोडणाऱ्या वायरमनना संगणकाची भाषा येत नव्हती. पण त्यांना नकाशे वाचता यायचे. दोन उभ्या रेघा, आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा. प्रत्येक पायरीवर खटक्यांची चित्रं. मग पेटीलाच ती शिडी वाचायला शिकवली! आपली गिरणी त्या शिडीवर एका पायरीत मावते: ‘हिरवं बटण दाबलंय किंवा गिरणी आधीच चालू आहे, आणि लाल बटण दाबलेलं नाही, तर मोटर चालू.’ तारांचं रान गेलं, पायऱ्या उरल्या. मॉडेल बदललं? पायरी पुसा, नवी लिहा. वायरमनना आपलं कसब टाकावं लागलं नाही, यंत्रानेच त्यांची भाषा उचलली. शिडीची ही भाषा आजही कारखान्यांत शिकतात.

वर्गावर्गाला मॉनिटर

१९७५ हे साल लक्षात ठेवा. बोटाच्या पेराएवढे संगणक, म्हणजे मायक्रोप्रोसेसर, आता मिळायला लागले होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने टीडीसी २००० आणि जपानच्या योकोगावा कंपनीने सेंटम नावाची रचना आणली. दोन्हींमागची कल्पना एकच: मेंदूचे तुकडे करा आणि कारखानाभर वाटा.

प्रत्येक छोट्या मेंदूकडे मोजक्याच झडपा. सगळे एका तारेने जोडलेले, आणि मधल्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या माणसाला सगळ्यांची खबर मिळते. शाळेत वर्गावर्गाला मॉनिटर नेमावेत आणि मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीतून सगळीकडे नजर ठेवावी, तसं. एक मॉनिटर आजारी पडला तर एकाच वर्गात थोडा गोंधळ होईल. मुख्याध्यापक रजेवर गेले तरी वर्ग चालूच राहतील. गव्हर्नरच्या काळात मेंदू यंत्रापाशी होता. मग तो खोलीत गेला, संगणकात एकवटला, आणि आता पुन्हा यंत्राशेजारी आला. फरक एवढाच की आता तो एकटा नव्हता, शेजाऱ्यांशी बोलत होता.

मेंदूंनी एकमेकांशी बोलायचं तर शिस्त हवी. १९७९ मध्ये मॉडिकॉन पेट्या बनवणाऱ्या कंपनीनेच मॉडबस नावाची एक बोलायची रीत ठरवली. तीही हजेरीच! एक जण नंबर पुकारतो, ‘नंबर ७, तुझं तापमान किती?’ फक्त सातवा बोलतो, बाकीचे गप्प. १ ते २४७ एवढे नंबर देता येतात. सगळ्यांना मिळून एकच तार पुरते.

पण या हजेरीत एक उणीव राहून गेली. पुकारणारा खरंच आपला आहे का, हे कुणी तपासत नव्हतं. तार कारखान्याच्या आत होती तोवर ठीक होतं. पुढे कारखान्यांचे संगणक बाहेरच्या जगाला जोडले गेले आणि आपल्या प्रश्नाला एक धाकटा भाऊ झाला: कुणी मुद्दाम बिघडवलं तर काय? २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा संगणकी किडा उघडकीला आला. तो पेनड्राइव्हवरून पसरायचा. इराणमधल्या नतान्झ इथल्या गरगर फिरणाऱ्या यंत्रांचा वेग त्याने गुपचूप बदलला, आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक असल्याचे जुनेच आकडे दाखवले!

तेव्हापासून कारखान्यांच्या तारांवर कुलपं आणि पहारे वाढले. धोका ओळखून यंत्र बंद करणारा मेंदू मोठ्या कारखान्यांत वेगळा ठेवतात. तो बाकीच्यांचं काही ऐकत नाही. तुमच्या कुकरलाही असा पहारेकरी आहे. शिट्टी अडकली आणि वाफ कोंडली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो. त्याला ना वीज लागते, ना कुणाचा हुकूम.

विहिरीवरचा मेंदू

हे सगळं आपल्या शेतातही आलंय बरं का! पंपाची थ्री-फेज लाइट कधी दिवसा येते, कधी मध्यरात्री. पूर्वी बाबा किंवा आजोबा बॅटरी घेऊन अंधारातून, विंचू-साप चुकवत, विहिरीवर जायचे. आता पुष्कळ शेतांत मोबाइल स्टार्टर असतो. घरून फोन लावला की पंप सुरू, आणि पंपाकडून निरोपही येतो: सुरू झालो!

पण गंमत बघा. विहिरीत पाणी नसलं तर? उपसायला पाणी नसेल तर मोटरीला कष्ट कमी पडतात आणि ती वीज कमी खेचते. चांगल्या स्टार्टरला ते तिथल्या तिथे कळतं आणि तो मोटर थांबवतो. घरी फोन करून विचारत बसत नाही, कारण रेंज नसली तर मोटर जळून जाईल! घाईचा निर्णय विहिरीपाशी, सावकाशीचा घरी.

लाइट आली की काही पंप आपोआप सुरू होतात. गिरणी मात्र होत नाही. का? गिरणीजवळ माणसं असतात, विहिरीजवळ बहुतेक वेळा कुणी नसतं. पण पंप असा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणूनच त्याला हात लावण्याआधी मोठी माणसं मेन स्विच बंद करतात. आपोआप सुरू व्हायचं की नाही, हे नुसतं यंत्राकडे बघून ठरत नाही. यंत्राजवळ कोण उभं आहे, हे बघून ठरतं.

खेळून बघा

सात जण जमा. तीन प्लॅस्टिकचे पेले, तीन तांबे आणि पाणी घ्या. अंगणात खेळा, म्हणजे सांडलेलं पाणी झाडांना मिळेल.

पहिली फेरी: एक जण डोळा. तो पेल्याकडे बघून ‘पाव’, ‘निम्मा’, ‘पाऊण’ असं सांगेल. दुसरा मेंदू. तो पाठ करून उभा राहील आणि ‘ओत’ किंवा ‘थांब’ म्हणेल. तिसरा हात. तो डोळे बांधून तांब्याने ओतेल. पेला पाऊण भरायचा. बघा किती सांडतं!

दुसरी फेरी: तिन्ही कामं एकानेच करायची. आता?

तिसरी फेरी: तीन पेले, तीन डोळे, तीन हात आणि सगळ्यांना मिळून एकच मेंदू. धमाल येईल!

चौथी फेरी: प्रत्येक पेल्यापाशी एकाने स्वतःच बघायचं आणि ओतायचं. मेंदू फक्त एकदाच सांगेल, ‘पाऊण भरा’.

पाचवी फेरी: तिसरी फेरी पुन्हा खेळा, पण मध्येच एका डोळ्याने गुपचूप बोलणं बंद करायचं. त्याच्या हाताने काय करायचं, हा नियम खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा.

‘आवाज आला नाही तर ओतणं थांबव’, असंच ठरलं ना तुमचं? अगदी हाच नियम गिरणीच्या त्या लोखंडी पेटीत बसलाय. पुढच्या वेळी लाइट आली, दिवे लागले, पंखा फिरला आणि तरी गिरणी गप्प उभी राहिली, की ती कशाची वाट बघतेय हे तुम्हाला ठाऊक असेल. काकांनी हात पट्ट्यातून काढून हिरव्या बटणावर ठेवण्याची.